ताफ्याचं वेळापत्रक संगणकाकडून कसं करून घ्यायचं

सैनिकी नियोजनाच्या सॉफ्टवेअरवर प्रोजेक्ट करायचाय म्हणून दरवर्षी इंजिनिअरिंगची काही मुलंमुली माझ्याकडे येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, एआयचं कोणतं मॉडेल घेऊ?" त्यांच्या डोळ्यांसमोर ड्रोन, रणगाडे आणि मोठ्या पडद्यावरचे लाल-निळे बाण असतात. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे सैन्याला रसद पुरवणाऱ्या विभागात, शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर होते आणि आता पुण्यात मालवाहतुकीच्या वेळापत्रकांचं सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे माझं उत्तरही ठरलेलं आहे: बाण ठेवा बाजूला, ट्रकपासून सुरू करा. फौजेतलं बरंचसं नियोजन म्हणजे काय न्यायचं, कुठल्या रस्त्यानं, किती वाजता, आणि वाटेत रात्र कुठे काढायची. संगणकाला हे काम छान जमतं, पण त्याला प्रश्न नीट विचारायला हवा.

या कामाचा इतिहासही ट्रक-विमानांचाच आहे. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्यानं 'डार्ट' नावाचं साधन वापरलं. एका वेळी ५० हजारांपर्यंत गाड्या, माणसं आणि सामान यांच्या हालचालींचा आराखडा ते जुळवायचं. जुन्या पद्धतीनं ज्याला आठवडे लागत, ते काही तासांत व्हायला लागलं. 'डार्पा' या त्यांच्या संशोधन संस्थेनं तेव्हा सांगितलं होतं, की कृत्रिम बुद्धिमत्तेवर ३० वर्षं केलेला खर्च या एका साधनानं भरून दिला. लक्षात घ्या, डार्ट लढाई आखत नव्हतं. ते सामान पोचवत होतं.

आपण उदाहरण घेऊ लडाखच्या हिवाळी साठ्याचं. बर्फानं खिंडी बंद व्हायच्या आत शिधा, केरोसीन, गरम कपडे, दारूगोळा हे सगळं वर पोचवायचं असतं. श्रीनगरहून जाणारा रस्ता झोजिलावरून, म्हणजे सुमारे ११,५७५ फुटांवरून जातो. खालचा बोगदा होईपर्यंत घाट काही चुकत नाही. सोनमर्ग आणि मिनामर्गच्या मधल्या टप्प्यात वाहतूक अनेकदा एका वेळी एकाच दिशेनं सोडतात. ही एकेरी सोड हेच आपल्या गणिताचं हृदय.

आधी एक ताकीद. खाली दिलेली अंतरं, वेग, गाड्यांची संख्या आणि तळांची क्षमता मी शिकवण्यासाठी घेतलेली आहे, कुठल्याही खऱ्या आराखड्यातली नाही. तुम्हीही असंच करा. ओळखीच्या कुणा जवानाकडून "जरा खरा डेटा" मिळवायच्या फंदात पडू नका. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ चा आहे आणि अजून पुरता जिवंत आहे. प्रोजेक्टला खोटे आकडे चालतात. फक्त ते एकमेकांशी सुसंगत हवेत.

लॅपटॉप उघडण्याआधी

एक कागद घ्या आणि रस्त्याचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यापुढे लांबी, चढ-उतार, वेग, दुतर्फा की एकेरी, आणि कुठल्या वेळात खुला, एवढं लिहा. नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून घेतला आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर लांबी मोजता येते. पण घाटातला वेग नकाशा सांगत नाही. नेव्हिगेशनचं ॲप मोटारीचा वेग धरतं, लादलेल्या ट्रकचा नाही.

आता नवशिक्यांचं घोडं जिथे हमखास पेंड खातं, त्या जागी येऊ. ताफा म्हणजे बिंदू नव्हे, त्याला लांबी असते. ४० गाड्यांचा ताफा घ्या, दर किलोमीटरला १० गाड्या. म्हणजे ताफा ४ किलोमीटर लांब. घाटाचा एकेरी टप्पा २४ किलोमीटर आणि वेग ताशी १२ धरा. पहिली गाडी २ तासांत, म्हणजे १२० मिनिटांत पलीकडे पोचते. पण तेव्हा शेपूट अजून ४ किलोमीटर मागे असतं, आणि त्याला यायला आणखी २० मिनिटं लागतात. म्हणजे हा ताफा टप्पा अडवून धरतो १४० मिनिटं. समोरचा ताफा १२० व्या मिनिटाला सोडलात तर घाटात दोन ट्रक नाकाला नाक लावून उभे राहतील.

आता पुढचं पाहा. पहाटे ५ ते सकाळी ११ अशी ६ तासांची, म्हणजे ३६० मिनिटांची वेळ आपल्याला मिळाली. एक ताफा वर, एक खाली असं आलटून पालटून सोडलं तर प्रत्येकी १४० मिनिटं, म्हणजे सगळे मिळून दोनच ताफे निघतील. पण त्या सहा तासांत सगळे वरच जाऊ दिले, तर पहिल्यामागून दुसरा ३० मिनिटांनी सोडता येतो: २० मिनिटं आधीच्या ताफ्याचं शेपूट आत जायला आणि १० मिनिटं मोकळी. १४० मध्ये ३० चे सात हप्ते मिळवले की झाले ३५०. म्हणजे आठ ताफे, ३२० गाड्या. तोच रस्ता, तेच ट्रक आणि एवढा फरक! पाटी-पेन्सिलीवर हे दिसलं नाही, तर सॉफ्टवेअरनं दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला कळणारच नाही.

कुठलं साधन कशासाठी

बाजारात आणि विद्यापीठांत दोन जातीची साधनं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक जात ठरवते की काय काय करायला लागेल: आधी रस्ता साफ, मग इंधन पुढच्या तळावर, मग ताफा. दुसरी जात, कामं ठरलेली आहेत असं धरून, कोणतं कधी आणि कशाच्या जोरावर ते ठरवते.

पहिल्या जातीसाठी, नियोजनाचा प्रश्न संगणकाला सांगायला, पीडीडीएल नावाची भाषा आहे. १९९८ च्या नियोजन स्पर्धेसाठी ती तयार झाली. 'फास्ट डाउनवर्ड' हा त्यातला नावाजलेला प्लॅनर, म्हणजे आराखडा शोधून देणारा प्रोग्राम, फुकट आहे आणि वेगवानही. पण त्याला कामाचा कालावधी कळत नाही. "हे काम १४० मिनिटं चालतं आणि तेवढा वेळ रस्ता अडतो" असं त्याला सांगता येत नाही, त्यासाठी 'ऑप्टिक'सारखे वेळ जाणणारे प्लॅनर घ्यावे लागतात. पायथॉनमधून हे सगळे एकाच छत्राखाली वापरायचे असतील तर युरोपीय प्रकल्पातून आलेली 'युनिफाइड प्लॅनिंग' ही लायब्ररी सोयीची आहे.

याच जातीत आणखी एक प्रकार आहे: मोठ्या कामाची ठरावीक पद्धतीनं लहान कामांत फोड करणारे प्लॅनर. मेरीलँड विद्यापीठाचा 'शॉप-टू' हे त्याचं जुनं नाव. मला फौजेच्या कामासाठी हा प्रकार जवळचा वाटतो, कारण फौज मुळात अशीच चालते. ताफा न्यायचा म्हटलं की काय काय करायचं ते लिहून ठेवलेलं असतं. टेहळणी, वाहतूक चौक्या, दुरुस्तीची गाडी सर्वांत मागे, वाटेतलं जेवण. संगणकानं हे शून्यातून शोधून काढायची गरज नसते.

खरं सांगायचं तर आपल्या उदाहरणात कामं जवळजवळ ठरलेलीच आहेत. म्हणून मी थेट दुसऱ्या जातीकडे जाते. गूगलचं 'ओआर-टूल्स' मुक्त स्रोत आहे आणि त्यातला 'सीपी-सॅट' हा अटींचं गणित सोडवणारा भाग या कामाला एक नंबर. जावाची सवय असेल तर 'टाइमफोल्ड' पाहा, पूर्वीच्या 'ऑप्टाप्लॅनर'मधूनच ते निघालंय. चॅटबॉटला "मला वेळापत्रक करून दे" म्हणू नका. तो झकास दिसणारा तक्ता देईल आणि त्यात दोन ताफे घाटात समोरासमोर येतील. मात्र अटींचा कोड लिहायला त्याची मदत घेतलीत तर माझी हरकत नाही. तपासायचं तुम्ही.

अटी लिहिणं

सीपी-सॅटला फक्त पूर्णांक कळतात. म्हणून वेळेचं माप ५ मिनिटं घ्या. १४० मिनिटं म्हणजे २८ घरं, ३० मिनिटं म्हणजे ६. एक मिनिटाचं माप घेऊन उगाच बारकावा दाखवू नका. घाटात मिनिटाच्या हिशेबानं कुणी चालत नाही.

प्रत्येक ताफ्याच्या प्रत्येक टप्प्यासाठी एक 'इंटरव्हल' करा: सुरुवात, लांबी, शेवट. एकेरी टप्प्यावर सगळ्यांना सरसकट "एकमेकांवर येऊ नका" ही तयार अट लावायचा मोह होतो. लावू नका. तसं केलंत तर एकाच दिशेचे ताफेही एकामागोमाग सोडता येत नाहीत आणि वर काढलेले आठ ताफे परत दोनावर येतात. त्याऐवजी जोड्या लावा. समोरासमोरच्या दिशेची जोडी असेल तर: एकाचं शेपूट बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याचं तोंड आत नाही, आणि आधी कोण हे ठरवायला एक हो-नाहीचा चल (ज्याची किंमत संगणकानं ठरवायची ती राशी). एकाच दिशेची जोडी असेल तर फक्त ६ घरांचं अंतर. आठ वर आणि आठ खाली असतील तर समोरासमोरच्या जोड्या ६४ होतात. सीपी-सॅटला हे किरकोळ आहे.

किरकोळ नाही ते वेगळंच. आठही ताफे सारखेच असतील, तर त्यांना रांगेत लावायचे ४०,३२० प्रकार होतात आणि आपल्या दृष्टीनं ते सगळे एकच. संगणक बिचारा ते एकेक तपासत बसतो. म्हणून सारख्या ताफ्यांना क्रमांक द्या आणि १ आधी २, २ आधी ३ अशी सक्ती करा. एवढ्यानं अडलेलं गणित सुटतं, असा माझा अनुभव आहे.

रात्रीच्या तळाला 'क्युम्युलेटिव्ह' अट लावा: कुठल्याही क्षणी उभ्या असलेल्या गाड्यांची बेरीज जागेपेक्षा जास्त नको. ताफ्यानं तळ अडवण्याचा काळ पहिली गाडी येण्यापासून शेवटची निघेपर्यंत धरा, आणि त्याची लांबी मोकळी सोडा, कारण मुक्काम लांबू शकतो. गाड्यांची जागा वेगळी आणि माणसांच्या खाटा वेगळ्या. १२० गाड्या मावतात म्हणून १२० ड्रायव्हरांना अंथरूण मिळतं असं नाही.

आणि आता ती अट, जी नागरी मालवाहतुकीतून आलेल्या माणसाला कधीच सुचत नाही. ताफ्याबरोबर वर तैनातीला जाणारे जवान असतील, तर त्यांना उंचीची सवय व्हायला दिवस लागतात. सैन्याची पद्धत अशी: ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात ६ दिवस, १२,००० ते १५,००० ला आणखी ४, त्याच्या वर आणखी ४. म्हणजे सर्वांत वरच्या चौकीवर जाणारा माणूस १४ दिवस वाटेतल्या तळांच्या खाटा अडवतो. ही अट अशी लिहा, की कुणालाही, अगदी तुमच्या लाडक्या ऑप्टिमायझरलाही, ती सैल करता येऊ नये. बाकी अटींत देवाणघेवाण चालते, हिच्यात नाही. घाई केली तर फुप्फुसात पाणी होऊन माणूस दगावतो.

काय कमी करायचं

पुस्तकी उत्तर असतं: शेवटची गाडी लवकरात लवकर पोचवा. हे उद्दिष्ट दिलंत की सीपी-सॅट घाटाच्या ३६० मिनिटांतली ३५० भरून टाकतो. मग एका ट्रकचा पट्टा तुटला की आठव्या ताफ्याची वेळ गेली. मी सहाच ताफे लावते. १४० आणि ३० चे पाच हप्ते, म्हणजे २९०. उरलेली ७० मिनिटं देवाला. वरिष्ठ विचारतात, रस्ता रिकामा का ठेवलाय? तो रिकामा नाही, तो दरडीसाठी राखून ठेवलाय.

उद्दिष्ट मालावरून ठरवा. कुठला माल कुठल्या तारखेच्या आत, आणि उशीर झाला तर दर दिवसाला किती दंड. केरोसीनचा दंड आणि खेळाच्या सामानाचा दंड सारखा ठेवलात तर फुटबॉल आधी चढतील. हे दंड तुम्ही ठरवायचे नाहीत, ज्याच्यावर वरची जबाबदारी आहे त्याला विचारायचे, आणि तक्त्यावर त्याच्या पदनामासह छापायचे. नंतर वाद होतोच.

"जमत नाही" हेही उत्तर आहे

सीपी-सॅट शेवटी एक निकाल देतो. 'ऑप्टिमल' (सर्वांत चांगलं वेळापत्रक सापडलं) आणि 'फीजिबल' (चालण्याजोगं सापडलं) सगळ्यांना आवडतात. 'इन्फीजिबल' म्हणजे या अटींत कुठलंही वेळापत्रक अस्तित्वात नाही, हे सिद्ध झालं. 'अननोन' म्हणजे दिलेल्या वेळात काही हाती लागलं नाही, एवढंच. या दोहोंची गल्लत करणारा माणूस नियोजनाच्या खोलीत धोकादायक. पहिल्यात अटी बदलायला हव्यात, दुसऱ्यात कदाचित नुसता वेळ वाढवायला हवा.

नुसतं "इन्फीजिबल" हा शब्द घेऊन साहेबांपुढे जाऊ नका. प्रत्येक मोठ्या अटीला एक कळ लावा: ही लागू, की नाही. मग सीपी-सॅटला त्या कळा गृहीतक म्हणून देता येतात आणि भांडण कुणाकुणात आहे तो संच तो परत देतो. संच सर्वांत लहान असेलच असं नाही, म्हणून एकेक कळ काढून पुन्हा चालवा. शेवटी हातात असं वाक्य यायला हवं: "दहा तारखेच्या आत सगळं केरोसीन, सोनमर्गला १५० गाड्यांची मर्यादा आणि रविवारी रस्ता दुरुस्तीसाठी बंद, या तिन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत. कुठलीही एक सोडा." या वाक्यावर माणूस निर्णय घेऊ शकतो. माझ्या मते सगळ्या यंत्रणेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि प्रोजेक्टांत सर्वांत कमी वेळ हिलाच दिला जातो.

दरड पडल्यावर

वेळापत्रक पहिल्यांदा करणं सोपं, ते मोडल्यावर सांधणं अवघड. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. सहा ताफे, ५ वाजल्यापासून दर अर्ध्या तासाला एक. दुसरा पुरता आत गेल्यावर, ५ वाजून ५५ मिनिटांनी, त्याच्या मागे दरड पडते. रस्ता साडेसातला उघडणार. तिसऱ्याला सहाला निघायचं होतं, म्हणजे दीड तास उशीर. साडेसात, आठ, साडेआठ असे तिसरा, चौथा, पाचवा निघतील. पाचव्याचं शेपूट १० वाजून ५० मिनिटांनी बाहेर. सहावा नऊला सोडला तर ११ वाजून २० मिनिटं होतात, म्हणजे तो राहिला. एका ताफ्याला आज मुक्काम.

आता हेच गणित सीपी-सॅटला नव्यानं सोडवायला दिलंत आणि सहाव्यात केरोसीन असेल, तर तो काय करेल? सहावा पुढे काढेल आणि तिसऱ्याला मागे ठेवेल. दंडाच्या हिशेबानं अगदी बरोबर. प्रत्यक्षात तिसरा ताफा घाटाच्या तोंडाच्या फाटकाशी, अरुंद रस्त्यावर, तोंड घाटाकडे करून उभा आहे. ४० ट्रक उलटे वळवून सहाव्याला वाट करून देईपर्यंत अकरा तिथेच वाजतील. तळावरचे एक सातारकडचे सुभेदारसाहेब मला म्हणायचे, "मॅडम, कागद खुशाल बदला, पण रांग बदलू नका." त्यांच्या वहीत दर ताफ्यापुढे वेळेसाठी तीन रकाने आखलेले असत, क्रमासाठी मात्र एकच.

हे संगणकाला सांगायचं ते असं. जे ताफे निघाले त्यांचे चल गोठवा. जे फाटकाशी रांगेत लागले त्यांचा क्रम गोठवा, वेळ मोकळी ठेवा. उरलेल्यांसाठी जुनं वेळापत्रक 'हिंट' म्हणून द्या. पण हिंट ही नुसती सूचना असते, तिनं बदल आपोआप कमी होत नाहीत. त्यासाठी दोनदा सोडवा. पहिल्या खेपेला उशिराचा दंड किमान किती ते काढा. दुसऱ्या खेपेला "दंड त्याच्यापेक्षा थोडाच जास्त चालेल" अशी अट घालून बदल कमीत कमी करा. बदलांनाही वजनं द्या: वेळ सरकली तर थोडं, मुक्कामाचा तळ बदलला तर बरंच, क्रम बदलला तर सर्वांत जास्त. तळ बदलला की तिथे शिजलेला भात वाया जातो आणि दुसरीकडे माणसं उपाशी झोपतात. टाइमफोल्डमध्ये ठरलेल्या कामांना खुंटी मारून ठेवायची सोय तयारच मिळते.

कागद आणि चाचणी

छापताना दोन वेगळे कागद काढा. ताफ्याच्या प्रमुखाला फक्त त्याचा प्रवास हवा असतो: कुठून किती वाजता, कुठे किती वाजता, मुक्काम कुठे. तळावरच्या माणसाला त्याच्या फाटकातून कोण कधी येतंय ते हवं असतं. दोघांना मिळून एकच रंगीत गँट तक्ता (कामांच्या वेळा आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा) दिलात तर दोघेही तो घडी घालून खिशात ठेवतील. प्रत्येक कागदावर आवृत्तीचा क्रमांक आणि वेळ मोठ्या अक्षरात, आणि बदललेल्या ओळींपुढे खूण. घाटात मोबाइलला रेंज असेल यावर काहीही अवलंबून ठेवू नका. वेळापत्रक वायरलेसवर वाचून दाखवता आलं पाहिजे.

चाचणीसाठी पायथॉनची 'सिमपाय' लायब्ररी घ्या. सीपी-सॅटचं वेळापत्रक तिच्यात चालवा आणि मधूनमधून गोष्टी बिघडवा: एखादा ताफा २० मिनिटं उशिरा, मधेच पंक्चर, दुपारी पाऊस. शेकडो वेळा चालवलं की कुठली जागा सारखी तुटते ते दिसतं, आणि मोकळी ७० मिनिटं पुरतात की नाही तेही. वेग बदलता ठेवा, कारण सकाळी रस्त्यावर गोठलेलं पाणी असताना ताशी १२ हा वेग स्वप्नच.

सर्वांत शेवटी तक्ता एखाद्या निवृत्त ड्रायव्हरला किंवा ताफे नेलेल्या जेसीओला (सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्याला) दाखवा. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरच्या कुठल्याही गावात असा माणूस सापडतो. खरी ठिकाणं, खऱ्या तुकड्या विचारायच्या नाहीत. फक्त एवढंच विचारा, "काका, यातली कुठली ओळ तुम्ही मानली नसती?" ते बोट ठेवतील त्या ओळीमागची अट तुमच्या मॉडेलमध्ये नसणार. ती लिहा आणि पुन्हा चालवा.